रुमालाखालचा आकडा

माझ्या बायकोच्या भावानं मला फसवलं. माझी सागवानी आरामखुर्ची घेतली आणि बदल्यात चार आकडे दिले. तेच चार आकडे मंठ्यात मोबाईल दुरुस्तीच्या एका दुकानाच्या काचेवर चिकटवलेले होते आणि कुणीही जाता जाता फुकट वाचू शकत होतं. हे मी आधी सांगून टाकतो. नाहीतर पुढं वाचणाऱ्याला वाटायचं, की मी इंटरनेटबद्दल काही ज्ञान द्यायला बसलोय.

मी फसणाऱ्यातला नव्हे, हेही सांगायला पाहिजे. केदारखेड्याकडचा माझा जन्म. बैलबाजारात कासरे, दावी आणि घुंगरं विकत मी उभा राहिलो. विकता विकता दलालांच्या मागं उभं राहून धंदा बघितला आणि पुढं स्वतः दलाली केली. त्या पायावर मंठ्यात मोटारपंप आणि पाइपचं दुकान टाकलं. पहिला सांगितलेला भाव मी आजवर कुणाला दिलेला नाही. दवाखान्यातसुद्धा मी आधी विचारतो, की यात दोन गोळ्या कमी होतील का. एकदा डॉक्टरनं खरंच एक कमी केली. तेव्हापासून बायको माझ्याबरोबर दवाखान्यात येत नाही.

ज्यांनी बैलबाजार बघितला नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो, कारण सगळं पुढं तिच्यावरच अडकलं आहे. आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं बोलत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं धरायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांतच राहतो. आता पाच म्हणजे पाचच, की पाचशे, की पाच हजार? ते समोरच्या जनावराकडं बघून कळतं. तरी शंका राहिली तर दलाल तळहातावर नख टेकवतो. नख म्हणजे शेकडा. निदान आमच्या बाजारात तसं होतं.

या रुमालाखालीच माझं लग्न जमलं असं म्हणायला हरकत नाही. एक्याऐंशी साली तीर्थपुरीच्या एका शेतकऱ्याला मी बैलजोडी विकून राह्यलो होतो. मी बोटं धरली, त्यांनी मान हलवली, सौदा झाला. पैसे द्यायच्या वेळी ते म्हणाले, हा जोडीचा भाव. मी म्हणालो, एकाचा. त्यांचा आवाज चढला, माणसं जमली. मी शांतपणे म्हणालो, "बोटं मी धरली, पण आकडा तुम्ही वाचला. मी तोंड उघडलं होतं का?" म्हातारा माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला आणि मग हसायला लागला. एका बैलाच्या भावात त्यानं एकच बैल नेला आणि सहा महिन्यांनी मला मुलगी दिली. असला माणूस बाहेर मोकळा सोडण्यापेक्षा घरात बांधलेला बरा, असं तो गावभर सांगत फिरला.

माझं ते वाक्य सासुरवाडीत पाठ झालं. दिवाळीला जेवायला बसलं की कुणी ना कुणी ते काढणारच. माझा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, ते ऐकतच मोठा झाला. मोठा होऊन त्यानं तीर्थपुरीत कंप्युटरचा क्लास काढला, आणि मी त्याला मास्तर म्हणायला लागलो.

आता मुद्द्यावर येतो. दोन हजार सात-आठचा सुमार असेल. लेक लग्न होऊन जावयासोबत आखातात गेली होती. तिकडंच तिला मुलगी झाली. बायकोला जाणं शक्य नव्हतं, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. लेकीनं सांगितलं, आई, रविवारी सकाळी दहाला कंप्युटरवर ये, कॅमेऱ्यात बाळ दाखवते. म्हणून मी कंप्युटर घेतला, तारेच्या फोनवर ब्रॉडबँड घेतलं, मानेवर वाकणारा एक छोटा कॅमेराही घेतला. सगळं घासाघीस करून घेतलं. कॅमेऱ्यावर तर मी कंप्युटरचा उंदीर फुकट मिळवला.

आणि पहिल्या रविवारी काही दिसलं नाही. दुसऱ्याही रविवारी नाही. बायको इरकलीचं लुगडं नेसून, कुंकू नीट करून दहाला बसायची. मी बटण दाबायचो. पडद्यावरच्या खिडकीच्या खालच्या पट्टीवर काहीतरी शोधतोय असं यायचं आणि शोधतच राहायचं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, मग सर्व्हर सापडला नाही म्हणून पाटी. पुन्हा दाबायचं. कधी पंधरा-वीस मिनिटांनी लागलं तर बाळ दूध पिऊन झोपलेलं असायचं आणि लेक बाहेर जायच्या घाईत. गंमत अशी की एकदा लागलं म्हणजे चित्र बरं यायचं. नाट होती ती दारातच.

बायको भांडत नाही. ती उठताना एवढंच म्हणाली, "सगळ्या गावात तुम्हालाच स्वस्त मिळतं. माझी नात तेवढी मिळंना."

मी टेलिफोन खात्याशी भांडलो. त्यांचा माणूस आला, तार तपासली, खांबावर चढून उतरला आणि म्हणाला, लाइन बराबर आहे. मी त्याच्याशी अर्धा तास भांडलो. तो चहा पिऊन गेला. तेव्हा नाइलाजानं मास्तरला बोलावलं.

मास्तर आला की त्याची एक खोड होती. सरळ जाऊन माझ्या आरामखुर्चीत बसायचा. ही खुर्ची कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या कचेरीच्या लिलावात मी घेतलेली. अस्सल सागवान, वेताची विण, हात इतके रुंद की त्यावर ताट ठेवून जेवावं. आयुष्यात मी हजार वस्तू घेतल्या त्या विकायला. ही एकच बसायला घेतली. मास्तर तिच्यात असा पसरायचा, जणू लिलाव त्यानंच जिंकला. मी उभा. माझ्याच घरात.

त्या दिवशी त्यानं खुर्ची सोडून कंप्युटरसमोर दहा मिनिटं काहीतरी केलं आणि म्हणाला, "दाजी, तुमचा डीएनएस हळू आहे."

मला वाटलं, कपाशीचं नवं वाण आलं. जालन्यात दर मोसमाला अशी तीन-चार इंग्रजी अक्षरं पाकिटावर येतातच. मी विचारलं, एकरी किती पाकिटं लागतात. त्यानं कपाळाला हात लावला. मग त्यानं मला समजेल अशा रीतीनं सांगितलं, आणि ते चांगलं सांगितलं हे मी मान्य करतो. फसवणाऱ्याला चांगलं बोलता आलंच पाहिजे.

तो म्हणाला, समजा तुम्ही बैलबाजारात शिरलात. हजार जनावरं बांधलेली. तुम्हाला अमक्या गावच्या अमक्याची जोडी बघायची. तुम्ही फाटकावरच्या पावतीवाल्याला विचारता. तो पेंगून राह्यलाय. तो वही काढणार, चष्मा शोधणार, पानं उलटणार, मंग सांगणार की पिंपळाखाली, तिसरी दावण. तोवर सौदा होऊन जातो. त्याच्याऐवजी कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारलं तर तो किटली खाली न ठेवता सांगतो. इंटरनेटवर प्रत्येक जागेला नाव असतं, पण यंत्राला नाव कळत नाही, आकडा लागतो. नावाचा आकडा करून देणारा तो डीएनएस. तुमच्या टेलिफोन कंपनीनं दिलेला पावतीवाला पेंगतो. आपण दुसरा धरू.

मी विचारलं, म्हणजे नेट पळायला लागेल? तो म्हणाला, नाही दाजी, रस्ता तोच, पाय तुमचेच. फक्त पत्ता लवकर कळेल. पण तुमचा सगळा वेळ पत्ता विचारण्यातच जातोय.

एवढं झाल्यावर त्यानं कागदाच्या चिठोऱ्यावर चार आकडे लिहिले, मध्ये टिंबं देऊन. "हा घ्या. परदेशातला आहे, जल्दी उत्तर देतो. टाकून बघा."

"किती द्यायचे?"

"काही न्हाई. फुकट आहे. जगात कुणीही वापरतं."

इथं वाचणारा म्हणेल, मग घेतला का नाहीस? तर सांगतो. फुकट म्हणणाऱ्या माणसाचं मी आयुष्यात ऐकलेलं नाही, आणि माझ्याजवळ जे काही आहे ते त्यामुळंच आहे. जो आकडा जगातल्या प्रत्येकाला मिळतो तो मला कशाला जलद उत्तर देईल? त्या चहावाल्यापुढं सगळा बाजार रांग लावून उभा असेल. मी चिठोरा घेतला, घडी घातली आणि तो निघून गेल्यावर डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. टेबल स्थिर झालं. त्या आकड्याचा तेवढा उपयोग झाला.

पुढचा रविवारही तसाच गेला. बाळ सव्वा महिन्याचं झालं. लेकीनं फोनवर सांगितलं की आता ती हसायला लागली आहे. बायकोनं फोन ठेवला आणि इरकलीचं लुगडं पेटीत घालून टाकलं. एरवी पुढच्या रविवारसाठी बाहेर ठेवायची ती, या खेपेला पेटीत घातलं. मी बघितलं. मास्तरला फोन केला.

मास्तर शनिवारी काळी-पिवळी जीपनं आला. आल्या आल्या खुर्चीत बसला आणि विचारलं, तो आकडा टाकला का. मी म्हणालो, तो चालत न्हाई. त्यानं वाकून टेबलाच्या पायाकडं बघितलं, चिठोऱ्याचा कोपरा बाहेर दिसत होता, आणि त्याच्या तोंडावर एक भाव आला. तो भाव मी ओळखायला पाहिजे होता. त्याच्या बापाच्या तोंडावर तो मी एकदा बघितला होता.

तो म्हणाला, बराबर आहे दाजी, तो फुकटातला होता. तो सगळ्यांना देतात. खरा वेगळा असतो. पण तो मी कुणाला देत नसतो.

माझे कान उभे राहिले. मी विचारलं, काय घेशील?

त्यानं खुर्चीच्या हातावरून हात फिरवला.

त्यानंतर जी घासाघीस झाली ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब. मी त्याला नवा टेबलफॅन देऊ केला. अर्ध्या अश्वशक्तीची मोटार देऊ केली. खुर्ची सोडून त्या खोलीतलं काहीही घे म्हणालो. तो मान हलवत राहिला. बायको दारात बसून गहू निवडत होती. मी एकदा तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "द्या की. तशीही ती खुर्ची तुमच्यापेक्षा जास्त जागा अडवते." तेव्हा ते थट्टेत गेलं. आज मला त्या वाक्याचा संशय येतो.

शेवटी मी हो म्हणालो, पण अट घातली. खुर्ची आधी त्याच्या ताब्यात जाईल, आकडा मात्र कागदावर नको, तोंडानंही नको. भिंतीला भिंत लागून शेजारी राहतो. मास्तर म्हणाला, "मंग रुमाल काढा."

मी रुमाल काढला. पंचवीस वर्षांनी माझ्या हातावर रुमाल पडला, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. मास्तरनं खाली हात घातला. आधी सगळा पंजा धरला. मग तळहातावर नख टेकवलं. मग एक बोट, नख. पुन्हा एक बोट, नख. मग दोन बोटं, आणि हात काढून घेतला. (खरी बोटं मी इथं लिहीत नाही, बदलून लिहिली आहेत. आकडा फुकट असेल, पण माझा त्याच्यावर खर्चा झालेला आहे.)

मी मान हलवली. सौदा झाला.

वीज नव्हती. आमच्याकडं तेव्हा दिवसाचे सहा-सात तास लोडशेडिंग असायचं, त्यामुळं आकडा तिथंच टाकून बघता आला नाही. तो कुठं टाकायचा ते मास्तरनं मागच्या खेपेला दाखवलं होतं आणि खिडकीचं चित्र काढून भिंतीला डकवलं होतं. त्यानं खुर्ची जीपच्या टपावर उलटी घालून दोरीनं बांधली. चार पाय आभाळाकडं करून माझी खुर्ची मंठ्याच्या बाजारातून गेली. चौकात दोन गिऱ्हाइकांनी मला विचारलं, शेठ, घर बदलून राह्यले का?

तिसऱ्या प्रहरी वीज आली. मी दार लावून घेतलं, चित्र बघून ती खिडकी उघडली. चार चौकोन. पहिल्यात पाचशे टाकले.

यंत्रानं पाटी काढली. इंग्रजीत होती, पण आकडे कळले. पाचशे चालत नाहीत, एक ते दोनशे तेवीसच्या आत बोला. आणि पाटी बंद करून बघतो तर माझ्या पाचशेच्या जागी त्यानं स्वतःच दोनशे तेवीस करून ठेवलेले.

मला तो माणूस आवडला. यंत्र म्हणत नाही, माणूसच म्हणतो. मी पाचशे बोललो, तो निम्म्याच्या खाली आला आणि तिथंच थांबला. हा आपल्या धंद्यातला. मी पुन्हा चारशे टाकले. पुन्हा दोनशे तेवीस. तीनशे टाकले. दोनशे तेवीस. दोनशे तीसवर तरी तुटेल म्हणून बघितलं, एक पैसा हलला नाही. असा ठाम गडी मला बाजारात दोनदाच भेटला असेल. मी मनात म्हटलं, ठीक आहे, जाऊ दे, तुझंही राहू दे. दोनशे तेवीसवर मान हलवली. पुढचे शंभर आणि शंभर त्यानं कुरकुर न करता घेतले. शेवटच्या बोटांना नख नव्हतं, म्हणून नुसते दोन टाकले. ओके दाबलं. मला वाटलं, मी मास्तरच्या भावापेक्षाही खाली उतरवला सौदा.

रविवारी बायकोनं लुगडं पेटीतून काढलं. मीच सांगितलं होतं की काढ. ती दहाला बसली. मी बटण दाबलं.

आधी निदान शोधतोय तरी म्हणायचं. त्या दिवशी काहीच उघडलं नाही. बाळ सोडा, बातम्या नाहीत, हवामान नाही, काही नाही. अर्धा तास गेला. लेकीचा फोन आला, आई, दिसत का नाही, मी तिला नवं झबलं घालून बसलेय. बायको तिच्याशी गोड बोलली. फोन ठेवून ती माझ्याकडं वळली. मी डोकं शांत ठेवणारा माणूस नाही. मी उभ्या उभ्या कंपनीला, खात्याला, परदेशाला आणि तिच्या भावाला शिव्या दिल्या. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आवो," ती म्हणाली, "मला त्या पोरीचं तोंड बघायचंय. तुम्हाला जिंकायचंय का बघायचंय?"

मी मास्तरला फोन लावला. त्याला म्हणालो, तुझा माल खोटा निघाला, खुर्ची परत पाठव. तो म्हणाला, काय काय टाकलं ते वाचून दाखवा. मी वाचलं. दोनशे तेवीस, शंभर, शंभर, दोन.  पलीकडं खुर्चीचा वेत करकरला. तो माझ्या खुर्चीत बसून फोनवर बोलत होता.

"दाजी," तो म्हणाला, "ते नख म्हणजे टिंब होतं."

मी पडद्यावरच्या चार चौकोनांकडं बघितलं.

"मध्ये टिंब असतं ना. ते कसं दाखवू रुमालाखाली? नुसती बोटं टाका. पाच, एक, एक, दोन. शेकडा काढा."

शेकडा काढला. आणि हे सांगताना मला आनंद होत नाही, पण खोटं कशाला सांगू, ओके दाबल्यावर पाणी पिऊन होईपर्यंत खिडकी उघडली. बायको प्लास्टिकची खुर्ची ओढून इतकी पुढं सरकली की पडद्यावर तिच्या श्वासाची वाफ धरली. तिनं पदरानं ती पुसली. नात झबलं घालून आईच्या मांडीवर होती. तिला टक्कल होतं, नाक माझ्या सासऱ्याचं होतं, आणि ती कॅमेऱ्याकडं न बघता बाजूला कुठंतरी बघून राह्यली होती, जसा म्हातारा बैलाकडं न बघता बैल बघायचा.  लेक पुन्हा पुन्हा विचारत होती, आई, ऐकू येतंय का? आई मान हलवत होती.

 सोमवारी दुकानाकडं जाताना मोबाईल दुरुस्तीवाल्याच्या काचेवर नजर गेली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, नेट हळू चालते का, हा आकडा टाका, आणि खाली माझा आकडा. माझा, खुर्चीचा. घरी येऊन टेबलाच्या पायाखालचा चिठोरा काढला. टेबल डगमगलं. चिठोऱ्यावरही तोच. एकच माल त्यानं मला दोनदा दिला होता, एकदा फुकट आणि एकदा खुर्चीला.

मग मी माल तपासायचं ठरवलं. मास्तरकडूनच फोनवर शिकून घेतलं, कशाला तपासायचाय हे न सांगता. काळी खिडकी उघडायची, पिंग लिहून आकडा टाकायचा, म्हणजे त्या आकड्याकडं जाऊन यायला किती वेळ लागला ते दिसतं. सेकंदाचा हजारावा भाग मोजतं ते. एवढं बारीक माप मी सोनाराकडंही बघितलं नव्हतं. एका खत कंपनीच्या कॅलेंडरच्या मागं मी रकाने पाडले. कंपनीचा पेंगणारा पावतीवाला, मास्तरचा परदेशी चहावाला, आणि काचेवरच खाली लिहिलेला तिसरा एक. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, महिनाभर. बायको म्हणायची, लेकीला स्थळं बघताना एवढी चौकशी केली नव्हती.

निघालं असं की सकाळी कंपनीचाच सगळ्यात चपळ. जवळचा पडला ना, परदेशी बिचारा समुद्र ओलांडून येणार. पण दहा वाजत आले, सगळा जिल्हा जागा होऊन नेटवर बसला की कंपनीचा झोपायचा. कधी कधी उत्तरच द्यायचा नाही. परदेशी मात्र दिवसभर एकाच चालीनं चालायचा, ना घाई ना झोप. तिसरा दोघांच्या मधला, त्याच्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही. मी परदेशी पहिल्या रकान्यात ठेवला आणि कंपनीचा त्याच्या खालच्या रकान्यात, पहिला बोललाच नाही तर विचारायला. आजूबाजूच्या पाच-सहा घरांत मीच नंतर हे करून दिलं. चहावर. आकडा कागदावर लिहून दिला आणि तो फुकट आहे असं एकदाही म्हणालो नाही, म्हणून सगळ्यांनी तो टाकला.

हिशेब मांडून मी बायकोला घेऊन तीर्थपुरीला गेलो. कॅलेंडर गुंडाळून सोबत नेलं. मास्तरसमोर पसरलं आणि म्हणालो, हे बघ, सकाळी सातला तुझा माल कंपनीच्या फुकट मालापेक्षा हळू आहे. अर्ध्या दिवसाचा माल तू मला पूर्ण दिवसाच्या खुर्चीला विकलास. त्यानं कॅलेंडर नीट बघितलं. म्हणाला, दाजी, हे तुम्ही फार चांगलं केलं, मी क्लासमध्ये लावतो. आणि खरंच लावलं. म्हणजे कॅलेंडरही गेलं.

बोलणं इतकं झाल्यावर मी खरी गोष्ट काढली. तुझा जन्म त्या घरातला. बापाच्या मांडीवर बसून तू बाजार ऐकलास. नख म्हणजे शेकडा हे मंठ्यापासून भोकरदनपर्यंत शेंबड्या पोराला ठाऊक होतं. मग तू नख का टेकवलंस? टिंबासाठी चिमटा काढायचा, बोट फिरवायचं, हजार रीती होत्या. तुला ठाऊक होतं का नव्हतं, की मी ते शेकडा वाचणार?

तो माझ्या खुर्चीत मागं रेलला. त्याची बहीण, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिनं पदर तोंडाला लावलेला होता.

"दाजी," तो म्हणाला, "बोटं मी धरली, पण आकडा तुम्ही वाचला. मी तोंड उघडलं होतं का?"

घर हसत सुटलं. माझ्या बायकोला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मी जेवलो नाही असं ते सांगतात. मी जेवलो, पण बोललो नाही.

आता नात शाळेत जाते आणि माझ्याशी कॅमेऱ्यावर खेळण्यांची अदलाबदल करते. परवा तिनं एक मोडकी मोटार देऊन माझ्याकडून कबूल करून घेतलं की पुढच्या सुट्टीत तिला बैल दाखवायचा. नाक खरंच तिच्या पणजोबांचं आहे. खुर्ची तीर्थपुरीला आहे. ती मला परत नको, फोनवर मागितली ते रागात. एकदा सौदा झाला की मी माल परत मागत नाही, माझ्याकडूनही कुणी परत घेतलेला नाही.

पण एका रविवारचा जाब मला पाहिजे. माझी बायको त्या सकाळी दहापासून इरकलीचं लुगडं नेसून बसली होती आणि तिकडं तिची नात नवं झबलं घालून. ते नख टिंब होतं का शेकडा, हे मास्तरनं चार माणसांत, माझ्या खुर्चीतून उठून, उभं राहून सांगावं. त्याच्या बहिणीला ते आधीपासून ठाऊक होतं का, हेही सांगावं. आणि उत्तर देताना या खेपेला माझंच वाक्य वापरू नये.